चिठ्ठीनं वाटलेल्या बकऱ्या

तालुक्याच्या ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "सिंधूताई, तुमच्या बचत गटाची यशोगाथा पाहिजे. एका पानात लिहा, चांगलं चांगलं लिहा, अन् बकरीसोबत तुमचा एक फोटो पाठवा." मी हो म्हटलं. बारा वर्षं गटाची अध्यक्ष आहे मी, हो म्हणायची सवयच झाली आहे. लिहायला बसले अन् पहिल्याच ओळीला हात अडला. यश कोणाचं अन् गाथा कोणाची! खरं लिहायचं तर एका पानात मावत नाही, अन् माझा फोटो त्यात कुठंच बसत नाही. मॅडमला काय पाठवायचं ते नंतर पाहीन. आधी हे लिहिते. हे अन्नपूर्णाबाईबद्दल आहे.

आमचं गाव देऊळघाटच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. गावातून नाला जातो. नाल्याच्या अलीकडे आम्ही कास्तकार लोक, पलीकडे बौद्धपुरा. पावसाळ्याचे दोन महिने सोडले तर नाला कोरडाच असतो, लहान लेकरूही पार करून जाईल. पण मला सून होऊन येऊन सत्तावीस वर्षं झाली अन् मी पलीकडे पाय ठेवला नव्हता. काम पडलं नाही, असं मी म्हणायची.

अन्नपूर्णाबाई पलीकडची. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी असेल. तरी मी तिला "अन्नपूर्णा" म्हणायची, "तू" म्हणायची, अन् ती मला "ताई, तुमी". हे लिहिताना खटकतं, बोलताना कधी खटकलं नाही. अंगानं काटकुळी. बाराही महिने नवऱ्याचा जुना खाकी सदरा लुगड्यावर चढवलेला. माणसाशी बोलताना ती खाली पाहते अन् बकरीशी बोलताना थेट डोळ्यांत पाहते. आठ वर्षांची होती तेव्हापासून तिनं बकऱ्या चारल्या. आधी दुसऱ्याच्या, मग लग्नानंतर स्वतःच्या. एक वेळ अशी होती की तिच्या काट्याच्या कुंपणात अठरा बकऱ्या बसत. मग तिचा नवरा कचरू आजारी पडला, अन् बकऱ्या एकेक करून त्याच्या औषधात गेल्या. शेवटी कचरूही गेला. मुलगा नागसेन खामगावला तेलाच्या मिलमध्ये आहे, सणावाराला येतो. शेवटची बकरी विकली त्या दिवशी ती रिकाम्या कुंपणात संध्याकाळपर्यंत बसून होती, असं आमच्या गटातली रुख्मिणी सांगते. मला कुठलं माहीत?

आमच्या गटात ती आली ती आमची गरज म्हणून. दहा बाया होत्या अन् अकरावी मिळत नव्हती. बैठक माझ्या ओसरीवर व्हायची. सगळ्या जणी सतरंजीवर बसत, अन् ती पायरीवर. मी तिला वर ये म्हटलं नाही, अन् तीही आली नाही. असं बारा वर्षं चाललं.

यंदा दिवाळीनंतर बकऱ्या आल्या. सरकारी कागदावर त्यांना शेळ्या म्हणतात. अकरा बायांना अकरा, सगळ्या मेहकरकडच्या एकाच धनगराच्या कळपातल्या. टेम्पो शाळेच्या मैदानात उभा राहिला. खाली उतरल्या तशा त्या अकरा जणी एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. आमच्या बाया हळदकुंकू घेऊन आल्या होत्या. कोणी कास पाहत होतं, कोणी दात. अन्नपूर्णाबाई हातपंपाजवळ उकिडवी बसली अन् अर्धा तास नुसती पाहत राहिली. मग उठून माझ्याकडे आली.

"ताई, याईले वाटू नका."

"म्हणजे?"

"एका घरच्या हायत ह्या. माय, लेकी, बहिनी. एका जागी ठेवा. कोनाची कोनती ते कागदावर राहू द्या."

मी हसले. अगदी सगळ्यांसमोर हसले. "अवो अन्नपूर्णा, बकऱ्या हायत ह्या, वऱ्हाडी थोड्याच हायत, एका बिऱ्हाडात उतरवायले!" बायाही हसल्या. ती परत हातपंपाजवळ जाऊन बसली.

आमच्या गटाचा एक कायदा आहे, अन् तो मीच केलेला आहे: ईश्वरचिठ्ठी. शिलाई मशीन कोणाकडे आधी जाईल, सहलीला कोण जाईल, सगळं चिठ्ठीवर. डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या अन् गटातल्या शालूबाईची नात छकुली डोळे मिटून काढते. कोणाचा कोणावर राग नाही, अध्यक्षावर बोट नाही. मला त्या डब्याचा मोठा अभिमान होता. प्रत्येक बकरीच्या गळ्यात नंबर बांधला अन् चिठ्ठ्या निघाल्या. मला मिळाली तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका, गाभण, पाहूनच जीव हरखला. अन्नपूर्णाबाईला मिळाली सगळ्यांत म्हातारी, डावं शिंग मोडलेली. बाया च्च च्च करू लागल्या. तिनं मात्र त्या मोडशिंगीच्या पाठीवर हात ठेवला अन् पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं.

त्या संध्याकाळी गावातल्या अकरा दारांतून अकरा बकऱ्या ओरडत होत्या. एक ओरडली की दुसरी उत्तर द्यायची, मग तिसरी. दोन दिवसांनी आवाज बसले. आम्ही म्हटलं, चला, रुळल्या.

कशाच्या रुळल्या! खाणं सुटलं. माझ्या तांबडीपुढे मी हिरवा लसूणघास टाकला, तुरीचा पाला टाकला, सरकी भिजवून ठेवली. दोन घास घ्यायची अन् मान वर करून दाराकडे पाहायची. कोठ्यात बैलांच्या शेजारी बांधली तर अंग चोरून उभी. रुख्मिणीकडे आधीच्या तीन बकऱ्या होत्या, त्यांनी नवीला गव्हाणीला तोंडच लावू दिलं नाही, टकरा मारून मारून हाकलली. डॉक्टर आले, शेण तपासलं, ताप पाहिला, जंताचं औषध दिलं. म्हणाले, रोग काही दिसत नाही. चौदाव्या दिवशी रुख्मिणीची बकरी गाभडली. दोन पिल्लं, दोन्ही मेलेली. रुख्मिणी माझ्या ओसरीवर येऊन रडली अन् मी तिला चहा पाजून, नशीब म्हणून परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी अन्नपूर्णाबाई आली. पायरीवर बसली, जमिनीकडे पाहत बोलू लागली. इतकं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"ताई, तुमची तांबडी ही माह्या मोडशिंगीची लेक हाय. रुख्मिणीबाईची अन् शालूबाईची, त्या दोघी जुळ्या. त्या दिवशी मैदानात म्या पाह्यलं. कोन कोनाच्या मांगं उभी राह्यते, कोन कोनाच्या पाठीवर मान टाकते, सारं दिसते. बकरीजवळ तिची सोबतीन असली तं ते खाली मुंडी घालून चरते. एकटी असली तं दर घासाले मान वर करते, कुठून काय येते म्हनून. तसं खाल्लेलं अंगी लागत नाई. भेव सारं खाऊन टाकते."

"मग करायचं काय?"

"माहं कुंपन रिकामं हाय. सगळ्या तथी आना. म्या चारते, म्या पानी पाजते. बकरी ज्याची त्याची, पिल्लं ज्याची त्याची, दूध ज्याचं त्याचं. फक्त बसू द्या एका जागी."

मी म्हटलं, नाल्याच्या काठानं बिबट्या उतरतो. मी म्हटलं, एकीला रोग झाला तर अकराही जातील. मी म्हटलं, कागदावर ज्याच्या त्याच्या दारी बकरी दिसली पाहिजे, तपासणी होते. तीन कारणं सांगितली अन् तिन्ही खोटी. खरं कारण माझ्या सासूबाई, गोजरबाई, आतून बोलून मोकळ्या झाल्या: "तिकडे नेली तं माह्या कोठ्यात परत आनू नोको!" ते दारापर्यंत ऐकू गेलं. पण सासूबाईंच्या डोक्यावर खापर फोडून मी सुटणार नाही. त्या बोलल्या, अन् माझ्या मनात तेच होतं. मी अध्यक्ष, माझी बकरी बौद्धपुऱ्यात बसणार, अन् मी रोज लोटा घेऊन तिकडे दूध आणायला जाणार? माझ्याच्यानं ते गिळवेना.

अन्नपूर्णाबाई "बरं" म्हणाली अन् गेली. तिला सगळं कळलं होतं. तिला न कळायला काय झालं?

पण रुख्मिणीला आता गमवायचं काही उरलं नव्हतं. तिनं भरदिवसा, गावासमोरून, आपली बकरी ओढत नेली अन् नाला ओलांडला. आठ दिवसांत तिच्या बकरीच्या अंगावर चमक आली. मग शालूबाई गेली. मग अश्विनी. मग बाकीच्या. गाव थोडं कुजबुजलं अन् विसरलं. महिना होईस्तोवर दहा बकऱ्या त्या कुंपणात होत्या अन् अकरावी, माझी, माझ्या कोठ्यात.

त्यांना डोंगराकडे जाताना मी गच्चीवरून पाहायची. मोडशिंगी पुढे, तिच्या मागे बाकीच्या, अन् सगळ्यांत मागे खाकी सदरा. अन्नपूर्णाबाईच्या हातात काठीही नसायची. मोडशिंगी थांबली की सगळ्या थांबत. दुपारी त्या सागाच्या सावलीत रवंथ करत बसत, अन् रोज प्रत्येकीच्या शेजारी तिची तीच सोबतीण, हे मला गच्चीवरूनही कळायला लागलं. मला राग यायचा. कोणाचा ते सांगता येत नव्हतं, म्हणून घरच्यांवर निघायचा.

इकडे तांबडी खंगत चालली. पोट मोठं अन् बरगड्या मोजून घ्याव्या. डॉक्टर म्हणाले, "असंच राहिलं तर पिल्लंही जातील अन् हीही जाईल." मी रात्रंदिवस तिच्यापाशी. कपाळावरच्या ठिपक्याला हात लावला की ती डोळे मिटायची. इतका जीव लागला होता मला तिचा. तरीही तिला सोडून नाल्यापलीकडे न्यावं, हे माझ्यानं होईना. जीव लागणं एक अन् हट्ट सुटणं दुसरं. मला त्या दिवसांत कोणी विचारलं असतं तर मी तांबडीसाठी गळ्यातलं मोडायला तयार झाले असते. पण पन्नास पावलं चालायला नाही.

मग मी माझ्या हुशारीनं एक तोड काढली. अन्नपूर्णाबाईला फोन केला. "तुझी मोडशिंगी चार दिवस माह्या कोठ्यात आन. माय जवळ आली की तांबडी खाईल."

 ती म्हणाली, "आनते."

आणली. कोठ्याच्या दाराशी मोडशिंगी आली अन् तांबडीनं असा आवाज काढला की माझे पती भागवतराव जेवणावरून उठून आले. दोघींनी एकमेकींची तोंडं हुंगली. मोडशिंगीनं तिची मान चाटली. पाऊण तासात तांबडी खाली मुंडी घालून सरकी खात होती, एकदाही दाराकडे न पाहता. मी पदर तोंडाला लावून रडले. अन्नपूर्णाबाई अंगणात उभी होती. ती जाताना म्हणाली, "ताई, चारच दिस. बाकीच्या हिच्या मांगं चालतात. हे नाई तं म्या त्यायले बाहेर काढत नाई. चार दिसाचा पाला म्या कापून ठेवला हाय."

चौथ्या दिवशी ती आली. "ताई, नेऊ का?"

तांबडीच्या अंगावर आत्ता कुठं मांस धरत होतं. मी म्हटलं, "अजून दोन दिवस."

सहाव्या दिवशी आली. "ताई, पाला सरला. नेऊ का?"

मी म्हटलं, "तुला काय कमी आहे तिकडे? नऊ आहेत की! बाजारातून पाला आण, कडब्याची कुट्टी आण, गट पाहून घेईल. माझी गाभण आहे, दिवस भरत आले आहेत."

आठव्या दिवशी ती पुन्हा आली. या वेळी पायरीवर बसली नाही. "ताई, बकऱ्या कुंपनाले धडका मारून राह्यल्या. उपाशी हायत. मले उद्या त्यायले काढा लागते. मोडशिंगी द्या, म्या पाया पडते तुमच्या."

मी तिच्याकडे न पाहता म्हटलं, "बाळंत होऊ दे, मग ने." अन् आत गेले. आतून ऐकत होते. ती जरा वेळ उभी होती, मग तिच्या चपलेचा आवाज गेला.

तिसऱ्यांदा नाही म्हटलं मी. हे नीट लिहून ठेवते.

नवव्या दिवशी ती नऊ बकऱ्या घेऊन निघाली. डोंगराच्या वाटेवर ज्वारीचं कापलेलं शेत आहे. कापणीनंतर बुंध्यांना कोवळे फुटवे आले होते, वीतभर, हिरवेगार. ते फुटवे विषारी असतात. आमच्याकडे किराळ म्हणतात, जनावरानं पोटभर खाल्लं की तासाभरात खेळ संपतो. हे गावातल्या पोरासोराला माहीत आहे. मोडशिंगी त्या शेतापाशी आली की बांधाच्या या अंगानं, मान फिरवून जायची, अन् तिच्यामागं सगळ्या तशाच जायच्या. त्या दिवशी पुढं कोणी नव्हतं. उपाशी नऊ जणी नऊ दिशांनी सुटल्या. अन्नपूर्णाबाई एकटी. एकीला ओढून काढावी तर दुसरी आत. ती धावली, ओरडली, धोंड्याला अडखळून पडली अन् डावं मनगट मोडलं. मोडल्या हातानं तिनं सात बाहेर काढल्या. जुळ्या दोघी, रुख्मिणीची अन् शालूबाईची, शेताच्या मध्यापर्यंत शिरल्या होत्या. शेजाऱ्यांनी गुळाचं पाणी पाजलं. डॉक्टर येईस्तोवर दोघी पाय झाडत पडल्या, तोंडाला फेस, अन् एकीमागे एक गेल्या.

मला हे कळलं तेव्हा मी कोठ्यात होते. मोडशिंगी माझ्यासमोर निवांत रवंथ करत होती. 

त्यानंतर पाचव्या दिवशी बैठक. माझ्याच ओसरीवर. अन्नपूर्णाबाई पायरीवर, हात गळ्यात बांधलेला. शालूबाई सुरू झाली. "जन्मभर बकऱ्या राखल्या म्हने! तिच्या भरोशावर देल्ल्या अन् किराळात घातल्या. आंधळी होती का?" दुसरी म्हणाली, तिकडे न्यायलाच नको होत्या. तिसरी म्हणाली, ताईनं नेली नाही ते बरं केलं, ताईले समजते. अवो, त्या वाक्यानं मला विंचू डसल्यासारखं झालं.

मोडशिंगी माझ्याकडे आहे हे गावाला माहीत होतं. ती तीनदा मागायला आली अन् मी तीनदा नाही म्हटलं, हे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. मी तिच्याकडे पाहिलं. आता सांगेल, आता सांगेल. सांगायचा तिला हक्क होता.

ती म्हणाली, "हाव. माह्या हातानं गेल्या. माही चूक हाय." मग रुख्मिणीकडे वळली. "बाई, माह्याजवळ एक मोडशिंगी हाय. तुमी घेऊन जा. शालूबाईले म्या कापूस वेचून कसंही करून दुसरी बकरी देईन."

   माझ्या मनात आलं, झालं, मिटलं, आता काही बोलायची गरज नाही. खरंच आलं असं मनात. त्याची जितकी लाज वाटते तितकी कशाचीच वाटत नाही. मग ती उठायला लागली. एका हातानं, खांबाला धरून. अन् कोणी तिला हात दिला नाही.

"थांब," मी म्हटलं.  "चूक तिची नाही. ती मोडशिंगी मागायला आली होती. तीनदा. शेवटी पाया पडते म्हणाली. मी दिली नाही. माझी तांबडी वाचावी म्हणून नाही दिली, अन् तांबडीला तिकडे न्यायला मला कमीपणा वाटत होता म्हणूनही नाही दिली."

 मग रुख्मिणी उठली. ती माझी लग्नापासूनची मैत्रीण आहे, एकाच मांडवात आमच्या दोघींचं लग्न लागलं. माझ्यासमोर येऊन हळूच म्हणाली, "म्हंजे माही बकरी तुह्या हट्टापायी मेली, सिंधू." अन् चप्पल घालून गेली. तिच्यामागे शालूबाई. तिच्यामागे सगळ्या. सतरंजीवर मी एकटी राहिले.

त्याच संध्याकाळी, दिवस मावळायच्या आधी, मी दोन्ही बकऱ्या सोडल्या. सासूबाई आतून काहीतरी म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, आज नका बोलू." भागवतराव म्हणाले, मी पोचवून येतो, तू कशाला जातेस? मी म्हटलं, नाही. मोडशिंगी पुढे झाली, तांबडी तिच्यामागे, मी तांबडीच्या मागे. वाट मला ठाऊक नव्हती, मोडशिंगीला ठाऊक होती. नाला ओलांडला. लोक दारात उभे राहून पाहत होते. कोणी हसलं नाही.

कुंपणात सात बकऱ्या होत्या. मोडशिंगीला पाहून त्या उठल्या अन् जो कल्ला झाला तो काय सांगावा. अन्नपूर्णाबाईनं एका हातानं काट्याचं झापं सरकवलं. बकऱ्या आत गेल्या. दोन मिनिटांत सगळ्या आपापल्या जागी बसल्या, तांबडी मायच्या पाठीला पाठ लावून. जुळ्या दोघींची जागा मध्येच रिकामी राहिली. तिथं कोणी बसलं नाही.

मी बाहेर उभी होते. तिची माफी मागायचं ठरवून आले होते. तोंडातून निघालं ते भलतंच. "तांबडीची पिल्लं रुख्मिणीला अन् शालूबाईला देईन." ती म्हणाली, "बरं होईल." मग मी म्हटलं, "अन्नपूर्णाबाई, माझं चुकलं." बाई म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा. ती तांबडीच्या पोटावरून हात फिरवत होती. तिनं मान हलवली. राग नव्हता तिच्या तोंडावर. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"आत येऊ का?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. खाली नाही, थेट डोळ्यांत.

"ताई, तुमी इथी आज पयल्यांदा आल्या. कळपात नवी बकरी आली तं पयले काई दिस काठावरच उभी राह्यते. तिले कोनी मारत नाई, पन जवळही घेत नाई. हळूहळू तिची सवय होते साऱ्यायले. मंग एक दिस कोनीतरी थोडं सरकते, अन् ते बसते. आपन घाई करून होत नाई. राहा उभ्या."

तिनं झापं लावून घेतलं.

बारा दिवसांनी तांबडी बाळंत झाली, दोन पाठी, म्हणजे माद्या, दोन्ही धडधाकट. मी तेव्हाही बाहेरून पाहिलं. मोडशिंगी त्यांना चाटत होती. दूध सुटलं की पिल्लं रुख्मिणीच्या अन् शालूबाईच्या दारी जातील. दारी म्हणजे कागदावर, बसतील ती त्याच कुंपणात. रुख्मिणी अजून माझ्याशी बोलत नाही, पण परवा झाप्यापाशी ती माझ्या शेजारी उभी राहिली, बराच वेळ.

मी रोज जाते. सकाळी पाला घेऊन अन् संध्याकाळी पाणी घेऊन, कारण अन्नपूर्णाबाईच्या हाताला अजून प्लास्टर आहे. बादली झाप्यावरून आत देते अन् उभी राहते. आज एकोणीस दिवस झाले.